आंतरबँक हिशेबपूर्ती

आंतरबँक हिशेबपूर्ती : ग्राहकांच्या व्यवहारांतून एका बँकेचे दुसऱ्या बँकेस जे देणे निर्माण होते, ते मध्यवर्ती बँकेतील खात्यांवर नावे-जमा करून अंतिमतः चुकते करण्याची पद्धती. समाशोधन ही तिच्या आधीची पायरी होय. समाशोधनात कोणी कोणास किती द्यावयाचे हे ठरते; हिशेबपूर्तीत ते प्रत्यक्ष दिले जाते. व्यवहारात हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु या दोन पायऱ्यांमध्ये जो काळ जातो, त्यातच बँकव्यवसायातील एक मोठा धोका दडलेला असतो.

रायगड जिल्ह्यात रोह्याजवळील धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे. तेथील एखाद्या रसायन-कारखान्यास मुंबईच्या व्यापाऱ्याचे कच्च्या मालाबद्दल पाच लाख रुपये द्यावयाचे आहेत, असे समजू. दोघांची खाती एकाच बँकेत असल्यास त्या बँकेने आपल्या खातेवहीत दोन नोंदी केल्या की काम भागते. खाती निरनिराळ्या बँकांत असल्यास मात्र व्यापाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा करणाऱ्या बँकेस तिचा मोबदला मिळावा लागतो. दुसऱ्या बँकेच्या नुसत्या वचनावर ती फार काळ विसंबू शकत नाही, कारण तीही बुडू शकते. आणि नोटांच्या थैल्या पाठविणे खर्चाचे व जोखमीचे असते. यावर उपाय म्हणून सर्व बँका मध्यवर्ती बँकेत खाती ठेवतात. मध्यवर्ती बँक देशाच्या चलनाचीच निर्माती असल्याने त्या चलनातील तिचे देणे थकण्याची भीती नसते. तिच्या खातेवहीत एका बँकेच्या नावे व दुसरीच्या खाती जमा अशी नोंद झाली, की देणे फिटते. लंडनमधील बँका १८५४ पासून आपली देणी बँक ऑफ इंग्लंडमधील खात्यांवर अशा रीतीने पुरी करू लागल्या.

भारतात रिझर्व्ह बँकेपूर्वी हे काम १९२१ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल बँकेकडे होते. ती स्वतः व्यापारी बँक असल्याने प्रतिस्पर्धी बँकांच्या शिलका तिच्याकडेच असाव्यात, ही गोष्ट भारतीय बँकांना खटकत असे आणि ते रास्तही होते. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कार्य सुरू झाले. तिच्या १९३४ च्या अधिनियमातील ४२ व्या कलमान्वये अनुसूचित बँकांवर तिच्याकडे रोख शिल्लक ठेवण्याचे बंधन आले. प्रारंभी हे प्रमाण मागणी देयतेच्या ५ टक्के व मुदती देयतेच्या २ टक्के होते. पतनियंत्रणाचे साधन म्हणून हा निधी पुढे प्रसिद्धीस आला. परंतु बँकांची परस्परांतील देणी भागविण्याचा साठा हा त्याचा उपयोग तितकाच महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१९४३–४९) यांचे बालपण रोह्यास गेले होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, या बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले.

समाशोधनगृहात सर्व बँकांचे प्रतिनिधी परस्परांवरील धनादेशांची अदलाबदल करीत आणि अखेरीस प्रत्येक बँकेची केवळ निव्वळ बाकी नावे वा जमा होई. समजा, ‘अ’ बँकेकडून ‘ब’ला १० लाख, ‘ब’कडून ‘क’ला ९ लाख व ‘क’कडून ‘अ’ला ८ लाख रु. येणे आहेत. एकूण देणी २७ लाखांची. पण ‘अ’ने २ लाख दिले आणि ‘ब’ व ‘क’ यांना एकेक लाख मिळाले, की सर्व हिशेब मिटतो. रोकडीची ही बचत मोठीच आहे. मात्र ‘अ’ ते २ लाख भरू शकली नाही व तिचे सर्व व्यवहार रद्द करावे लागले, तर एक लाख मिळण्याची अपेक्षा असलेल्या ‘ब’वर ‘क’ला ९ लाख देण्याची पाळी येते. तीही कमी पडली, तर धक्का पुढे सरकतो. मुंबईने याची झळ मार्च २००१ मध्ये अनुभवली. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मुंबई शाखेने काढलेल्या सुमारे १३७ कोटी रुपयांच्या पे ऑर्डरींवर बँक ऑफ इंडियाने पैसे दिले. समाशोधनात त्या न वटता परत आल्या. तोवर पैसे निघून गेले होते.

या धोक्यावरील उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे, पूर्ण रकमेने व तत्क्षणी पुरा करणे. ‘आरटीजीएस’ या नावाने परिचित असलेली ही यंत्रणा रिझर्व्ह बँकेने २६ मार्च २००४ रोजी सुरू केली. देणाऱ्या बँकेच्या खात्यात पुरेशी शिल्लक असेल, तरच रक्कम जमा होते; नसल्यास आदेश रांगेत थांबतो. व्यवहारांची वजावट होत नसल्याने या पद्धतीस रोकड पुष्कळ लागते. त्यासाठी रिझर्व्ह बँक सरकारी रोख्यांच्या तारणावर बँकांना दिवसापुरती उचल देते. ग्राहकांसाठी किमान मर्यादा दोन लाख रुपयांची असून १४ डिसेंबर २०२० पासून ही सेवा अहोरात्र चालू आहे. लहान रकमांसाठीच्या ‘एनईएफटी’त (२००५) मात्र दर अर्ध्या तासाच्या फेरीअखेर निव्वळ बाकीच पुरी होते. ‘यूपीआय’मध्ये (२०१६) ग्राहकाच्या खात्यात रक्कम ताबडतोब दिसते, बँकांचा आपसातील हिशेब मागाहून होतो. पूर्ण झालेली हिशेबपूर्ती अंतिम व अपरिवर्तनीय असल्याचे २००७ च्या भरणा व हिशेबपूर्ती व्यवस्था अधिनियमाच्या २३ व्या कलमाने स्पष्ट केले. यापूर्वी समाशोधनगृहांचा कारभार मुख्यतः सभासद बँकांच्या आपसातील करारावर चाले.

ग्रामीण भागातील अनेक लहान सहकारी बँका या व्यवस्थेत थेट सभासद नसतात. मोठ्या बँकेच्या उपसभासद म्हणून तिच्या खात्यामार्फत त्या व्यवहार करतात. त्यांची सुरक्षितता साहजिकच त्या मोठ्या बँकेवरही अवलंबून राहते. शिवाय बँकांची परस्परांतील देणी पुरी झाली, म्हणून ठेवीदाराचा पैसा सुरक्षित झाला, असे होत नाही. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा रायगड जिल्ह्यातील असंख्य ठेवीदारांचे पैसे अडकले. अशा ठेवींना ठेव विम्याचे वेगळे संरक्षण असते. त्याची मर्यादा त्या वेळी एक लाख रुपये होती व ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये करण्यात आली.