उबिनला जाताय? मग हे वाचून जा

सिंगापूरला आलेले पाहुणे मरीना बे बघून दमले की मी त्यांना पुलाउ उबिनला नेते. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी होडी सुटते. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की निघायचं! दहाएक मिनिटांत आपण पत्र्याच्या छपरांच्या, विहिरींच्या गावात पोचतो. मला तर दर वेळी कोकणात उतरल्यासारखं वाटतं.

मलय भाषेत पुलाउ म्हणजे बेट. इथल्या ग्रॅनाइटच्या खाणींवर कधीकाळी हजारो माणसं जगत होती. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली. आता मोजकीच घरं उरली आहेत, तीही बहुतेक वयस्कर मंडळींची. मुख्य बेटावरची वीज इथे येत नाही. कोणाचं पोट सायकली भाड्याने देऊन चालतं, कोणाचं शहाळी विकून. त्यामुळे पर्यटक त्यांना हवेच आहेत, पण अंगणात शिरून फोटो काढणारे नकोत. ओटा रिकामा दिसला तरी ते कोणाचं तरी घर आहे, हे कृपया लक्षात ठेवा.

पूर्वेचा चेक जावा हा किनारा चुकवू नका. तिथे भराव टाकायचं ठरलं होतं. निसर्गप्रेमींनी चिखलात उतरून जीवसृष्टीची नोंद केली आणि २००१ च्या डिसेंबरात सरकारने ते काम पुढे ढकललं. आज तिथे खारफुटीतून पायवाट आहे. ओहोटीची वेळ बघूनच जा. खेकडे, तारामासे तेव्हाच दिसतात.

आणि वर बघत चला. आपल्या कवड्या धनेशाचा भाऊबंद इथे सुखाने नांदतो.