जुगुप्सेपलीकडचा व्यवसाय

घरात खून होतो, कोणी आत्महत्या करतो, किंवा एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ वारल्याचे शेजाऱ्यांना कित्येक दिवसांनी कळते. पोलीस पुरावे गोळा करतात, मृतदेह हलविला जातो, आणि मागे रक्ताने माखलेली खोली उरते. ती स्वच्छ कोणी करावयाची? अमेरिकेत हे काम पोलिसांचे नाही. ते घरमालकाचे किंवा मृताच्या आप्तांचे. आपल्या माणसाचे रक्त आपल्याच हाताने पुसण्याची वेळ कोणावर येऊ नये, या गरजेतून तेथे ‘क्राइम सीन क्लीनिंग’ हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. परदेशी स्थायिक होऊन नव्या उद्योगाच्या शोधात असलेल्या जैन तरुणाने तो स्वीकारावा काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

कामाचे स्वरूप

फरशी पुसणे हा या कामाचा लहानसा भाग होय. रक्त गालिच्यातून खालच्या लाकडी फळ्यांत मुरते. तो भाग कापून काढावा लागतो. गाद्या-उशा टाकूनच द्याव्या लागतात. आधी मळ काढावा, मग जंतुनाशक लावून ते ठरलेला वेळ ओले ठेवावे. हा क्रम चुकला तर औषध निष्फळ ठरते. हेपॅटायटिस बी या रोगाचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून हातमोजे, मास्क, चष्मा व अंगभर पोशाख यांवाचून खोलीत पाऊल टाकता येत नाही.

कायदा आणि भांडवल

रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कामगारांचे रक्षण व्हावे म्हणून अमेरिकेत १९९१ साली केंद्रीय नियम झाले. त्यानुसार मालकाने सुरक्षेची लेखी योजना आखावी, दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, संरक्षक साधने व हेपॅटायटिस बीची लस विनामूल्य पुरवावी. कॅलिफोर्नियात आरोग्य खात्याकडे नोंदणीही करावी लागते. रक्ताने माखलेला कचरा नेहमीच्या कचऱ्यात टाकता येत नाही. तेव्हा गाडी आणि बादल्या म्हणजे भांडवल नव्हे. प्रशिक्षण, विमा आणि कचऱ्याची वैध विल्हेवाट यांवरच खरा खर्च होतो.

कामाचे पैसे पुष्कळदा घराच्या विम्यातून मिळतात. अनेक राज्यांत गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या साहाय्य योजनेतूनही मिळू शकतात. पण शोकाकुल कुटुंब भाव करीत नाही, आणि येथेच व्यापाऱ्याची परीक्षा असते. कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक द्यावे. सफाईत सापडलेले दागिने, रोकड व कागदपत्रे यादीसह परत करावीत. घरात जे पाहिले ते बाहेर बोलू नये. सत्य व अचौर्य ही अणुव्रते येथे रोजच्या व्यवहारात उतरतात.

श्रावकाची शंका

पहिली शंका हिंसेची. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, तिला मर्यादा घालता येते, हे आपल्याकडे मान्य आहे. परंतु मृतदेह बरेच दिवस पडून राहिलेल्या जागी कीटकांची उत्पत्ती झालेली असते, आणि तेथील सफाईत त्रस जीवांचा घात टळत नाही. ज्याचे मन धजत नाही, त्याने अशी कामे घेऊ नयेत, किंवा हा व्यवसायच सोडून द्यावा. लाभासाठी शंका दाबून टाकणे योग्य नव्हे.

दुसरी शंका किळसेची. तिचे उत्तर सम्यग्दर्शनाच्या निर्विचिकित्सा अंगात आहे. रोगी मुनीच्या वेषात आलेल्या देवाने आहारानंतर वमन केले, तरी राजा उद्दायनाने घृणा न करता त्याची शुश्रूषा केली, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. अर्थात ती मुनिसेवेची कथा आहे. मोल घेऊन केलेल्या कामाला वैयावृत्त्याचे नाव देऊ नये. मात्र केवळ किळस येते म्हणून एखादे काम हीन ठरत नाही, एवढा बोध तीतून निश्चित घेता येतो.

आपल्याकडे

भारतात असे काम बहुधा घरच्या माणसांवर किंवा बोलावून आणलेल्या सफाई कामगारावर पडते, आणि त्याच्या हातात अनेकदा साधे मोजेही नसतात. रुग्णालयांच्या कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आहेत. घरातल्या त्या खोलीत शिरणाऱ्या मजुराची काळजी मात्र त्याला बोलावणाऱ्यानेच घ्यावयाची असते. येथे कोणी हा व्यवसाय आरंभिला, तर पहिली गुंतवणूक त्या मजुराची लस, हातमोजे आणि रास्त मजुरी यांवर व्हावी. स्वतः न उतरता दुसऱ्याला उघड्या हातांनी त्या खोलीत पाठविणे, हे कोणत्याही हिशेबाने अहिंसेत बसत नाही.