धरलेला मासा ताजा कसा ठेवावा?

मित्रमैत्रिणींनो, सुट्टी लागली की आपल्यापैकी बरेच जण काका-मामांबरोबर खाडीवर नाहीतर समुद्राच्या खडपावर गळ घेऊन जातात. कधीकधी रात्रीची वस्तीही तिथेच असते. पण सकाळी धरलेला मासा दुपारी चुलीवर चढेपर्यंत मऊ पडतो आणि वास मारू लागतो. असे का बरे होते?

मासा मेला की त्याच्या पोटातले पाचक रस त्याचेच मांस विरघळवू लागतात. कल्ल्यांतले, पोटातले आणि कातडीवरचे जंतूही वाढतात. उष्णता जितकी जास्त, तितके हे काम भराभर चालते. म्हणून मासा थंड ठेवणे हीच खरी युक्ती.

(१) जमेल तोवर मासा जिवंत ठेवावा. तोंड बांधलेल्या जाळीच्या पिशवीत घालून ती सावलीत, वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावी. ओहोटीला पिशवी कोरडी पडणार नाही हे बघायचे. बादलीतल्या थोड्या पाण्यात खूप मासे कोंबू नयेत. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि ते गुदमरून मरतात.

(२) मासा मेला की लगेच मोठ्या माणसांकडून पोट साफ करून घ्यावे. आतडी आणि कल्ले काढून स्वच्छ पाण्याने धुवावे.

(३) बर्फ असेल तर उत्तम. १ किलो माशाला १ किलो फोडलेला बर्फ घ्यावा. खाली बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ, असे थर द्यावेत. वितळलेले पाणी निघून जाऊ द्यावे. त्यात मासे भिजत पडले की ते नासतात.

(४) बर्फ नसेल तर मासे टोपलीत ठेवून वर ओले गोणपाट टाकावे. टोपली सावलीत, वाऱ्यावर ठेवावी आणि गोणपाट सुकू देऊ नये. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. आपल्या माठातले पाणी असेच गार होते! पण हा उपाय थोड्याच तासांचा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत मात्र मासा उबतो.

(५) वस्ती लांबली तर मासे चिरून खारवावेत. ४ वाटे माशाला १ वाटा जाडे मीठ आतबाहेर चोळावे. मीठ माशातले पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतू वाढत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. पालकांनीही हे जरूर वाचावे. बांगडा, तारली, कुपा हे मासे गरमीत पडून राहिले तर त्यांत हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. असा मासा खाल्ला की तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते, उलट्या होतात. कितीही उकळा, कितीही तळा, ते द्रव्य जात नाही. कधीकधी माशाला वासही येत नाही. म्हणून तासन् तास उन्हात राहिलेला मासा चांगला दिसला तरी खाऊ नये. कोणाला असा त्रास झाला तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

ताजा मासा ओळखणे सोपे आहे. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लालभडक, बोटाने दाबले तर मांस लगेच वर येते. आपल्या आई-आजी बाजारात कल्ला उघडून बघतात तो उगीच नव्हे!

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी गळाबरोबर गोणपाट आणि मीठही न्यायला विसरू नका. आणि खाण्यापुरतेच मासे धरा. जास्त धरून फुकट घालवण्यात काय शहाणपण?