खेळपट्टीनं कूस बदलली तेव्हा

मुंबई आणि मँचेस्टर यांचं नातं आधी कापसाचं, क्रिकेटचं मागाहून. इंग्लंडच्या कौंटी मैदानांपैकी एकाचा आढावा घ्यायचा, तर लँकेशायरच्या ओल्ड ट्रॅफर्डकडे वळावंसं वाटतं ते काहीसं यामुळेच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. इतर मैदानांनी स्टँड वाढवले, छपरं बदलली. इथे खेळपट्टीच आडवीची उभी झाली.

१८५७ साली मँचेस्टरला कलावस्तूंचं भव्य प्रदर्शन भरलं. त्यात जुनी जागा गेली म्हणून मँचेस्टर क्रिकेट क्लब शेजारी, द ट्रॅफर्ड घराण्याच्या जमिनीवर आला. लँकेशायर कौंटी क्लब त्यानंतरचा, १८६४चा. १८८४ मध्ये इथल्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसानं धुऊन नेला. १८९५ मध्ये आजचं पॅव्हेलियन उभं राहिलं, तीन वर्षांनी जमीन विकत घेतली गेली. डिसेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात या मैदानाची धूळधाण झाली. महायुद्ध संपता संपता डागडुजीच्या कामावर जर्मन युद्धकैदी लावले होते.

या सगळ्या काळात खेळपट्टी होती पूर्व-पश्चिम. संध्याकाळी मावळतीचं ऊन फलंदाजाच्या थेट डोळ्यांत जाई, कधी खेळही थांबवावा लागे. तरी दीडशे वर्षं कुणी तिला हात लावला नाही. याच आडव्या पट्टीवर १९३६ मध्ये विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ धावांची सलामी दिली. १९४६ मध्ये रंगा सोहोनी आणि दत्ताराम हिंदळेकर या शेवटच्या जोडीनं तेरा मिनिटं तग धरून हरलेली कसोटी वाचवली. मला तर ती तेरा मिनिटं कित्येक शतकांहून मोठी वाटतात. १९५२ मध्ये विजय हजारे यांचा संघ एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत दोनदा गारद झाला, ते दुःख इथलंच. १९८२ मध्ये संदीप पाटीलनं बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार ठोकले. १९९० मध्ये सतरा वर्षांच्या सचिननं नाबाद ११९ धावा करून पहिलं कसोटी शतक झळकावलं.

मग पट्टी फिरवायची बुद्धी कशी झाली? सूर्य हे कारण होतंच, पण खरी धास्ती कसोटी हातून जाण्याची होती. २००९च्या अ‍ॅशेस मालिकेत कार्डिफला कसोटी मिळाली आणि ओल्ड ट्रॅफर्ड रिकाम्या हातानं राहिलं. मैदान जुनाट झालंय, हे यापेक्षा स्पष्ट कुणी सांगायला नको होतं. २०१०-११च्या हिवाळ्यात मधला सगळा चौरस उखडून खेळपट्ट्या उत्तर-दक्षिण घातल्या. पैशाच्या गणितात शेजारी होऊ घातलेलं टेस्को सुपरमार्केटही होतं. त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. कौंटीनं २०११चा हंगाम लिव्हरपूलसारख्या पाहुण्या मैदानांवर काढला, आणि घर मोडलेलं असताना १९३४ नंतर प्रथमच एकट्याच्या नावावर चॅम्पियनशिप जिंकली!

जिम लेकरनं १९५६ मध्ये एका कसोटीत घेतलेले एकोणीसच्या एकोणीस बळी स्ट्रेटफर्ड एंडकडून होते. तो एंड आज एंड उरलेला नाही. तिथून आता क्षेत्ररक्षक फार तर चेंडू फेकेल. आधुनिकीकरणाला माझा विरोध नाही, फलंदाजाला चेंडू दिसलाच पाहिजे. मात्र ‘द पॉइंट’ नावाचा लालभडक खोका जुन्या पॅव्हेलियनजवळ बसवणाऱ्यांची नजर मला अजून उमगलेली नाही. शिवाय पावसापुढे नव्या बांधकामाचंही काही चालत नाही. २०२३च्या अ‍ॅशेसमध्ये इंग्लंडनं पहिल्या डावात २७५ धावांची आघाडी घेतली, पण शेवटच्या दिवशी एकही चेंडू पडला नाही आणि करंडक ऑस्ट्रेलियाकडेच राहिला.

आता मैदानाला लागून हॉटेल आहे. करोनाच्या २०२० सालात खेळाडू तिथेच राहून कसोट्या खेळले. जुलै २०२५ मध्ये भारताच्या कसोटीवेळी एका स्टँडला क्लाइव्ह लॉइड आणि फारुख इंजिनिअर यांची नावं दिली. मुंबईचे इंजिनिअर १९६८ पासून १९७६ पर्यंत लँकेशायरचे यष्टिरक्षक होते. त्या काळात संघानं लागोपाठ तीनदा जिलेट कप जिंकला. तेव्हा कौंटी भारतीय खेळाडूला पगारावर ठेवत असे. आता ‘द हंड्रेड’ या स्पर्धेतल्या मँचेस्टरच्या संघाचा ७० टक्के हिस्सा कोलकात्याच्या आरपीएसजी समूहाकडे आहे.