टेनिस एल्बो : पट्टा बांधावा की इंजेक्शन घ्यावे?

छत्रपती संभाजीनगर : २००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराने दगा दिला आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द घराघरात पोहोचला. पुढच्या वर्षी सचिनवर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. मात्र बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही आणि त्यांनी कधी टेनिसची रॅकेटही धरलेली नसते. वाळूजच्या कारखान्यात दिवसभर स्क्रू आवळणारा कामगार, पैठणीचा विणकर किंवा रोज कपडे पिळणारी गृहिणी, कोणालाही हे दुखणे जडू शकते.

दुखते नेमके काय?
मनगट वर उचलणारे स्नायू टेंडनद्वारे कोपराच्या बाहेरील हाडाला जोडलेले असतात. तीच ती हालचाल सतत केल्याने हा टेंडन झिजतो. मग पाण्याचा तांब्या उचलतानाही कळ येते.

पट्ट्याने काय होते?
पट्टा कोपराच्या सांध्यावर नव्हे, तर दोन-तीन बोटे खाली बांधायचा असतो. त्यामुळे टेंडनवरील ताण कमी होतो. मनगटाचा स्प्लिंट त्या स्नायूंना विश्रांती देतो. काम करताना पट्टा बांधावा, झोपताना काढावा. हाताला मुंग्या आल्यास सैल करावा. पट्टा दुखणे सुसह्य करतो, पण एकटा आजार बरा करत नाही.

इंजेक्शनचे काय?
स्टिरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो. पण तो टिकतो का? नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चांगला फरक पडलेले रुग्ण असे होते :

सहा आठवड्यांनी : इंजेक्शन ९२ टक्के, फिजिओथेरपी ४७ टक्के, फक्त सल्ला देऊन वाट पाहणे ३२ टक्के.

वर्षभराने : इंजेक्शन ६९ टक्के, फिजिओथेरपी ९१ टक्के, वाट पाहणे ८३ टक्के.

म्हणजे सुरुवातीला पुढे असलेले इंजेक्शन वर्षअखेरीस सर्वांत मागे पडले. शिवाय टोचलेल्या जागी त्वचा पांढरी पडू शकते. मधुमेहींची साखर काही दिवस वाढू शकते.

मग करायचे काय?
दुखणे वाढवणारे काम कमी करा, कामाच्या वेळी पट्टा बांधा आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात कमी होते. इंजेक्शन घ्यायचेच असेल, तर आराम वाटताच लगेच जड कामाला लागू नका. सूज, ताप, बधिरपणा असेल किंवा कोपर अडकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.