घराआधी जमिनीची वंशावळ

कुळगाव, कात्रप, शिरगाव ही नावे आज बदलापूर स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला सांगितली जातात, आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या वसाहती, दुकाने, शाळा. महसुली दप्तरात मात्र ती अजूनही ‘मौजे’च आहेत. मौजे शिरगाव म्हणजे सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक, फेरफार आणि वारसांची नावे. इमारत पाच-दहा वर्षांची असते. तिच्या पायाखालच्या जमिनीचा कागद तीन पिढ्यांचा असतो. सदनिका पाहायला गेलेले कुटुंब स्वयंपाकघराची दिशा, स्थानकाचे अंतर आणि वाहनतळ पाहून येते. त्या घराचे भवितव्य मात्र बहुतेक वेळा जुन्या कागदात दडलेले असते.

व्यापारी घराण्यात उधारीवर माल देण्यापूर्वी समोरच्या पेढीची पिढ्यान्पिढ्यांची पत विचारली जाते. हजारांच्या उधारीसाठी जी चौकशी होते, ती लाखोंच्या घरासाठी का होत नसावी? कदाचित दुय्यम निबंधकाचा शिक्का उमटला की सरकारनेच मालकी मान्य केली, असा समज असल्यामुळे. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची किंमत कुटुंबांनी मोजलेली आहे.

हा समज खरा ठरतो तो इंग्लंडमध्ये. तेथील भूमी नोंदणी कार्यालय १८६२ साली स्थापन झाले आणि १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड व वेल्समध्ये सर्वत्र घराची विक्री झाली की नोंदणी अनिवार्य झाली. तेथे नोंद होते ती कागदाची नव्हे, थेट मालकीची; आणि त्या नोंदीमागे शासनाची हमी असते. नोंदीत चूक निघून कोणाचे नुकसान झाले, तर कायद्यात भरपाईची तरतूद आहे. खरेदीदार आपला सॉलिसिटर नेमतो. तो नोंदवही तपासतो, स्थानिक प्रशासनाकडून रस्ते व बांधकाम परवानगीची माहिती मागवतो, पुराचा धोकाही पाहतो. मग दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारप्रती बदलल्या जातात, सामान्यतः दहा टक्के अनामत दिली जाते, आणि ठरल्या दिवशी उरलेली रक्कम पोहोचली की किल्ली हाती येते. अर्थात तेही नंदनवन नव्हे. करारप्रती बदलेपर्यंत विक्रेत्याचा शब्द कायद्याने बांधील नसतो. अधिक भाव देणारा भेटला, तर तो खुशाल फिरतो. सदनिका तर बहुधा दीर्घ भाडेपट्ट्यानेच मिळते. तरीही ‘जमीन कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर तेथे एका नोंदवहीत सापडते.

शिरगावात ते उत्तर खरेदीदाराला स्वतः जुळवावे लागते. नोंदणी अधिनियम १९०८ चा आहे आणि त्याखाली नोंदला जातो तो दस्त. सादर करणाऱ्यांची ओळख पटली, मुद्रांक पुरेसा असला, नियमांची पूर्तता झाली, की दस्त नोंदला जातो. विकणारा खरोखर मालक आहे काय, याचा निवाडा दुय्यम निबंधक करीत नाही. सातबाराही अंतिम पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातील नोंद खरी मानली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच. दिवाणी न्यायालयात कोणी उलट सिद्ध केले की संपले.

म्हणून वकिलाचा शोध अहवाल. तो किमान तीस वर्षांचा असावा आणि तो लिहिणारा वकील खरेदीदाराने स्वतः नेमलेला असावा; बिल्डरने पुढे केलेल्या वकिलाचा अहवाल वाचावा, पण त्यावर थांबू नये. या परिसरात एक स्थानिक गुंता आहे. येथील जुने कागद कल्याण तालुक्याचे, मधले उल्हासनगर तालुक्याचे आणि आजचे अंबरनाथ तालुक्याचे असू शकतात. एकाच कार्यालयातील सूची पाहून शोध पुरा झाला असे समजणारा वकील अर्ध्या वंशावळीवर सही करतो.

सातबाराच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत आधी वाचावा. बँकेचा बोजा, न्यायालयातील दावा, कुळाचे नाव हे सारे तेथेच असते. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा कूळ जमिनीचा खरेदीदार मानला गेला. अशा जमिनीच्या हस्तांतरावर अटी आहेत. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी झाली की नाही, हे पाहणे आले. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल, तर तपास अधिकच कडक हवा. अशा परवानगीवाचून झालेला व्यवहार दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीदारालाही भोवतो.

आणि वारस. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर मुलांची नावे लागतात, बहिणींची राहून जातात. मुलगे बिल्डरशी विकसन करारनामा करतात. इमारत उभी राहते. मग एक बहीण हिस्सा मागते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क बाधित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तेव्हा बहिणींच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र फायलीत दिसलेच पाहिजे. येथे क्षणभर स्वतःच्या घराकडेही पाहावे. १९५६ चा हा कायदा जैनांनाही लागू आहे. एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतलेले घर मोठ्या भावाच्या नावे लिहिले म्हणून ते एकट्याचे होत नाही, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी त्या हिशेबाबाहेर जात नाही. पैसा कोणत्या खात्यातून गेला, हे खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवणे पुढच्या पिढीवरचे उपकार ठरतील.

मालकी जुळली, तरी परवानगीचा प्रश्न वेगळाच. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. एका वास्तुविशारदाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथे राहणाऱ्या अनेकांनी बँकेचे कर्ज काढले होते, मुद्रांक भरला होता, दस्त नोंदला होता. त्यांच्याकडे कागद कमी नव्हते. पायाचा एक कागद खोटा होता. शिरगावात घर घेणाऱ्याने म्हणून महारेराच्या संकेतस्थळावरील प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात तिचा क्रमांक, तारीख आणि मंजूर मजले पडताळून घ्यावेत. पाच मजल्यांच्या मंजुरीवर सातवा मजला विकला जात असेल, तर तो तेथेच कळतो. लगतच्या उल्हासनगरात निर्वासितांच्या सनदा आणि वाढीव बांधकामे यांचा गुंता इतका वाढला, की २००६ साली केवळ त्या शहरासाठी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला.

पुराची चौकशी येथे क्वचितच कोणी करतो. वास्तविक २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदीने काय केले, हे बदलापूरकर विसरलेले नाहीत. २०१९ साली बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली होती. पूररेषा कोठून जाते, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

आता व्यापाऱ्यांच्या सवयीचा विषय, रोखीचा. टोकन म्हणून पाकीट देण्याची रीत अजून आहे. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ४० लाखांच्या घरासाठी ही मर्यादा ४ लाख. शिवाय १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई असून दंड स्वीकारलेल्या रकमेइतका होऊ शकतो. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणून देणारा निर्धास्त असतो. तोटा त्याचाही आहे. १० लाख रोख आणि ३० लाख करारात, असा सौदा झाला आणि ताबा रखडला, तर व्याजासह परतावा मागता येतो तो कागदावरच्या ३० लाखांचाच. उरलेल्या १० लाखांना साक्षीदार कोण? पुढे घर विकताना करासाठी खरेदी किंमतही ३० लाखच धरली जाते.

नोंदणीचा दिवस त्या मानाने सोपा. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाचे बाजारमूल्य यांतील अधिक रकमेवर लागते; नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३०,००० रुपयांच्या मर्यादेत. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर करायचा. मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेऊ नये. अशा कागदाने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे.

किल्ली घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ते नसताना राहायला जाणारी कुटुंबे पाणी-जोडणीसाठी हेलपाटे घालतात आणि पुनर्विक्रीच्या वेळी भाव पाडून घेतात. त्यानंतरही एक काम उरते, जे बहुतेक संस्था वर्षानुवर्षे विसरतात. जमिनीचे अभिहस्तांतरण गृहनिर्माण संस्थेच्या नावे होईपर्यंत सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राहते. बिल्डर टाळाटाळ करीत असेल, तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. नोंदणीकृत करारनामे, सूची क्रमांक दोनचे उतारे, मंजूर नकाशा आणि सभासदांची यादी त्यासाठी लागते. ही कागदपत्रे प्रत्येक सदनिकाधारकाकडून गोळा करायला इमारत नवी असतानाच सुरुवात करावी. काही वर्षांनी निम्म्या सदनिका दुसऱ्यांच्या हाती गेलेल्या असतात आणि मूळ करारनामे सापडत नाहीत.