काराकोरम : नगर मिटले, तंबू टिकला

मंगोलियाची राजधानी उलानबाटरपासून सुमारे ३६० किलोमीटरवर काराकोरम आहे. तेराव्या शतकात विशाल मंगोल साम्राज्याचा कारभार येथूनच चालत असे. मात्र, भव्य अवशेष पाहण्याच्या ओढीने सहलीस आलेल्या दाम्पत्यास येथे प्रामुख्याने मोकळे गवताळ मैदानच दिसते.

चंगीझ खानाचा पुत्र ओगेदेई याने १२३५ मध्ये या नगरास तटबंदी केली. पुढे कुबलाई खानाने राजधानी आजच्या बीजिंगच्या जागी नेली आणि नगराचे वैभव ओसरले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मिंग फौजांनी ते उद्ध्वस्त केले. त्याचेच दगड सोळाव्या शतकात शेजारच्या एर्देने झू या बौद्ध मठासाठी वापरले गेले. म्हणूनच राजधानीचा शोध मठाच्या भिंतींत घ्यावा लागतो. कम्युनिस्ट राजवटीने १९३० च्या दशकात मठाची बरीच मंदिरे पाडली. १९९० मध्ये तेथे पुन्हा पूजापाठ सुरू झाला.

नगर मिटले, पण पशुपालकांचे लोकरी नमद्याचे घर, म्हणजे 'गेर', आजही उभे राहते. त्याचे दार दक्षिणेस असते. पश्चिमेची बाजू पुरुषांची, तर पूर्वेची स्त्रियांची मानली जाते. उंबरठ्यावर पाय देणे अशुभ समजतात.

युनेस्कोने २००४ मध्ये ओरखोन खोऱ्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०१३ मध्ये गेर बांधण्याच्या कलेचीही वारसा म्हणून नोंद केली. पाहुण्यांनी दगडांइतकाच वेळ या घरालाही द्यावा.